अमळनेरची सेमी इंग्रजी शाळा: दोन वर्षांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. पिंपरी-चिंचवड सोडून मे २०२३ मध्ये आम्ही अमळनेरला आलो आणि दोन्ही मुलांना इथल्या एका जुन्या अनुदानित संस्थेच्या सेमी इंग्रजी शाळेत घातलं. दोन शैक्षणिक वर्षं पूर्ण झाली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि मुलं अजून तिथंच शिकतायत. पण अमळनेर काय, चोपडा काय, पारोळा किंवा एरंडोल काय, खानदेशात तालुक्याच्या बहुतेक गावी अशी एखादी जुनी संस्था असतेच. शहर सोडून इकडे यायचा विचार करणाऱ्या आईबापांना तिच्याकडे कसं बघायचं ते कळावं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गणित असं होतं. चिखलीत टू बीएचकेचं भाडं १५,००० रुपये, मेंटेनन्स वेगळा. मुलगी इंग्रजी माध्यमात, तिची फी वर्षाला ६२,००० आणि व्हॅनचे महिन्याला १,८००. धाकटा त्या जूनमध्ये पहिलीत जाणार, म्हणजे हे सगळं दुप्पट. मिस्टर एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतात, मी घरी बसून हॉस्पिटलांच्या बिलांचं काम करते. माझं काम इंटरनेट असेल तिथं चालतं आणि त्यांच्या कामाला खानदेशच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी पडत नाही. सासर याच तालुक्यातलं. पण खेड्यात न जाता अमळनेरात राहायचं, हे मुलांच्या शाळेसाठी ठरवलं होतं.

ओळखीतली बरीच कुटुंबं आधी स्वस्तात घर धरतात आणि मग स्कूलबस कुठली येते ते बघतात. आम्ही शाळा आधी ठरवली आणि तिथून पायी जाता येईल अशा अंतरात घर शोधलं. भाड्यात महिन्याला आठ-साडेआठ हजार वाचणार होते. दोन मुलांची सीबीएसईची फी आणि बस धरली की तेवढेच पैसे तिकडे गेले असते आणि मुलं रोज तास-दीड तास गाडीत बसली असती. मग गाव बदलून उपयोग काय?

शाळा बघायला मार्चमध्ये आलो, वर्ग भरलेले असताना. हे फार महत्त्वाचं आहे. मेमध्ये गेलात तर फक्त इमारत दिसते.

एक सीबीएसई शाळा गावाबाहेर होती. इमारत देखणी, मैदान मोठं, संगणकाची खोली थंडगार. मी एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षीच्या शिक्षकांपैकी यंदा किती जण आहेत? उत्तर सरळ आलं नाही. बाहेर थांबलेल्या एका पालक ताईंनी सांगितलं की त्यांच्या मुलाला एकाच वर्षात गणिताच्या तीन मॅडम झाल्या. लहान गावातल्या खासगी विनाअनुदानित शाळांची ही खरी अडचण आहे. पगार कमी, म्हणून चांगली मुलगी बीएड होऊन येते, वर्ष-दोन वर्षं शिकवते आणि नाशिक-पुण्याला निघून जाते. सगळ्याच शाळांत असं असेल असं मी म्हणत नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नका.

दुसरी, सासरच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा. मिस्टरांचं मन तिथंच होतं. दोन शिक्षक, चार वर्ग आणि त्यातले एक सर इतके तळमळीचे की पहिलीतली मुलं आम्हाला फळ्यावर शब्द लिहून दाखवत होती. शाळेच्या भिंतींवर पाढे, ओट्यावर तापी-पूर्णेचा नकाशा. अशी शाळा आपल्या गावात असेल तर डोळे झाकून मुलं घाला. आम्ही थांबलो ते एवढ्यासाठी की जिल्हा परिषदेच्या बदल्या आता ऑनलाइन होतात, सर कधी जातील सांगता येत नाही, आणि चौथीनंतर तिथून रोज अमळनेर गाठावंच लागलं असतं.

तिसरी ही, आमची. अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार शासन देतं. गणित इंग्रजीतून, सहावीपासून विज्ञानही इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. वर्गशिक्षिकेला तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "ताई, मी इथं एकोणीस वर्षांपासून आहे. शेजारच्या वर्गाचे सर माझ्याही आधीपासून." वर्गात ४८ मुलं होती. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, त्यामुळे ४८ जास्तच. पण त्या बाईंना प्रत्येक मुलाचं नाव तर पाठ होतंच, कुणाचा बाप मार्केट यार्डात हमाली करतो आणि कुणाची आई सुरतेहून परत आली तेही ठाऊक होतं. अमळनेर भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावर आहे. इकडचे हजारो लोक कामासाठी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात गेलेले, त्यातली काही घरं परत येतात. त्यामुळे बाहेरून आलेलं मूल सांभाळून घ्यायची या बाईंना सवय आहे.

दाखल्याचं प्रकरण मात्र लिहायलाच हवं, कारण प्रत्येकाला यातून जावं लागतं. जुन्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरला. पुढच्या वर्षाची फी आधी भरा, असं सांगितलं. इथल्या मुख्याध्यापकांनी शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ काढून दाखवलं. शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. त्यांनी मुलीला वर्गात बसवून घेतलं आणि जुन्या शाळेला पत्र लिहिलं. महिनाभरात दाखला आला. यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवरही जुन्या शाळेने मुलीला सोडलेलं दाखवावं लागतं, तेव्हाच नवी शाळा तिला आपल्याकडे घेऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी मुलाचा पेन क्रमांक (त्या पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लिहून घ्या आणि आधारवरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघा. आमच्या मुलाच्या आधारवर वडिलांच्या नावात काना राहिला होता, तर सेतू केंद्रात दोन चकरा झाल्या.

पहिलीसाठी आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांमधून खासगी शाळेत घालायचं मनात असेल तर आणखी आधी जागं व्हायला हवं. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणी झालेला भाडेकरार लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. मेमध्ये गाव बदलणाऱ्याला त्या वर्षी ते सहसा जमत नाही. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, हेही लक्षात ठेवा.

आता शिकवण्याबद्दल. मुलगी तिसरीत बसली तेव्हा घरात मराठी बोलणारी, पण वाचायला दिलं की अडखळणारी होती. जोडाक्षर आलं की थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. माझा जीव यातच अडकला होता. इंग्रजी माध्यमातून काढून आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना, हा प्रश्न रात्री झोपू देत नव्हता.

बाईंनी तिला वेगळं काढलं नाही. रोज मधल्या सुट्टीच्या आधीचा अर्धा तास तिच्यासह पाच-सहा मुलं त्यांच्या टेबलाजवळ सतरंजीवर बसायची. पुस्तक नाही. बाई आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायच्या आणि त्यातले शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या: ट्रॅक्टर, ग्रामपंचायत, मुख्याध्यापक, कृषी उत्पन्न बाजार समिती. शब्द वाचायचा, टाळी वाजवत तोडायचा, मग पाटीवर न बघता लिहायचा. ज्याचा चुकला त्याला रागावणं नाही, शेजारच्याने पाटी फिरवून दाखवायची. मी एकदा डबा द्यायला गेले आणि दाराशी उभी राहून हे बघितलं. मुलगी "समि-ती" म्हणत टाळी वाजवत होती आणि तिच्या बाजूला सुरतेहून आलेला पोरगा तिच्यासारखाच जीभ बाहेर काढून "ग्रामपंचायत" लिहीत होता. दिवाळीच्या सुट्टीत ती एसटीतून जाताना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली.

शुक्रवारी वाचनाचा तास असतो. पत्र्याची पेटी उघडायची, गोष्टीचं पुस्तक निवडायचं, मुलांनीच वहीत नाव आणि तारीख टाकायची, पुढच्या शुक्रवारी परत करायचं. पुस्तकं जुनी आहेत, कित्येकांना खाकी कागदाची कव्हरं आणि डिंकाने चिकटवलेल्या कडा. पण ती वापरात आहेत. सीबीएसई शाळेतल्या काचेच्या कपाटाला कुलूप होतं, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

वर्गाचं एक भित्तिपत्रकही निघतं, मुलांच्या अक्षरात. या गावाला त्याची परंपरा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे आणि मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. बाईंनी हे वर्गात सांगितलं आणि मग कागद वाटले. माझ्या मुलीने "माझे बाबा कूलरचा पंप कसा बदलतात" असं लिहिलं होतं, पाणी कुठून चढतं, वाळा कुठे बसतो, वायर ओल्या हाताने का धरायची नाही, सगळं क्रमाने. खाली चित्र. तो कागद भिंतीवरून उतरला तेव्हा मिस्टरांनी मागून घेतला, आता त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलेला आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं. शाळेने तिसरी-चौथीच्या मुलांना पुस्तकांच्या स्टॉलवर नेलं, प्रत्येकाने घरून पन्नास रुपये आणायचे आणि स्वतः पुस्तक निवडायचं. ज्यांना शक्य नव्हतं त्यांचे पैसे शिक्षकांनी भरले, कुणाचे ते मुलांना कळू न देता. हे मला वर्षभराने दुसऱ्या पालकांकडून समजलं.

मुलाचं वेगळं. तो सरळ पहिलीत बसला. त्याच्या वर्गात निम्मी मुलं घरात अहिराणी बोलणारी. पहिल्या दिवशी सरांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "तुन्हं नाव काय शे?" आणि रडणारी दोन पोरं रडायची थांबली. अहिराणीत उत्तर दिलं तर सर ते मान्य करतात, मग तेच वाक्य प्रमाण मराठीत म्हणून घेतात. कुणाला हसत नाहीत, हसूही देत नाहीत. आमच्या मुलाला अहिराणी येत नव्हती. आता तो आजीशी फोनवर माझ्यापेक्षा जास्त बोलतो आणि सासूबाई दोन दिवस तेच सगळ्यांना सांगत असतात.

गणिताचं माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत. बेरीज-वजाबाकी, पाढे उत्तम. शाब्दिक उदाहरणं आली की मुलांना प्रश्नातलं इंग्रजी कळत नाही आणि शिक्षक ते भाषांतर करून सांगून टाकतात. घरी मी मुलीला प्रश्न स्वतः वाचायला लावते. ज्या घरात हे करायला कुणी नाही, तिथं मूल मागे पडू शकतं. इंग्रजी बोलण्याचं तर शाळेत जवळजवळ काही होत नाही. मुलीचं पुण्यात आलेलं इंग्रजी टिकावं म्हणून मी रोज रात्री तिच्याशी थोडा वेळ इंग्रजीत बोलते. तुमची मोठी अपेक्षा इंग्रजी संभाषणाची असेल तर या शाळेकडून ती पुरी होणार नाही.

सगळ्यात मोठी तक्रार मुलींच्या स्वच्छतागृहाची. दोन शौचालयं आणि त्यातल्या एकाची कडी तुटलेली. दुपारनंतर पाणी संपतं. मुलगी शाळेत पाणीच प्यायची नाही हे कळल्यावर मी आणि आणखी काही आया मुख्याध्यापकांना भेटलो. कडी आठवड्यात बसली. पाण्यासाठी वेगळी टाकी मात्र पुढच्या वर्षी आली, तीही पालक सभेत आम्ही उभं राहून बोललो तेव्हा. सभेत पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष बसलेले, पण बोलल्यावर ऐकून घेतलं गेलं. अजूनही शनिवारी ते साफ नसतं. पाचवा तारा देताना हात आखडला तो यासाठी.

दुसरी तक्रार ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. आपल्याकडे मार्चपासून सकाळची शाळा ही जुनी रीत. २०२५ मध्ये परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने घ्यायच्या ठरल्या आणि त्या एप्रिलच्या पंचवीस तारखेपर्यंत चालल्या. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांना पत्रे आहेत. साडेदहा वाजता त्या भट्टीसारख्या तापतात. शिक्षकांनी पहिली-दुसरीची मुलं पुढच्या स्लॅबच्या खोल्यांत दाटीवाटीने बसवली, मोठ्यांना झाडाखाली. मिस्टरांनी आणि ओळखीच्या दोघांनी जुने दोन कूलर दुरुस्त करून दिले, शाळेने लगेच लावून घेतले. पण लाइट गेली की काय करणार?

तिसरी, शिक्षकांना शाळेबाहेरची कामं फार. निवडणुकीच्या वर्षी मतदार याद्यांचं काम बाईंकडे होतं आणि त्या काळात वर्ग कितीतरी वेळा शेजारच्या सरांकडे जोडून दिला गेला. यात शाळेचा दोष नाही, पण मुलांचं नुकसान होतं हे खरं. उन्हातल्या परीक्षा आणि ही कामं, या दोन गोष्टींत पालकांनी वरच्या अधिकाऱ्यांना लिहायला हवं, आणि आम्ही लिहिलंय.

खर्च: पहिली ते आठवी शिक्षण फी नाही. सहल, स्नेहसंमेलन आणि संगणकाचे मिळून वर्षाला एका मुलाचे ३,२०० घेतात, छापील पावती देतात. बालभारतीची पुस्तकं मोफत. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षी ती चार भागांत आली, त्यामुळे दप्तर हलकं झालं. पोषण आहारात बहुतेक खिचडी, कधी मटकी-वाटाण्याची उसळ आणि भात. मुलगा घरचा डबा तसाच परत आणतो आणि खिचडी दोनदा घेतो. मोठ्या वर्गांत शिष्यवृत्तीची तयारी शाळाच करून घेते. भुसावळजवळच्या साकेगावच्या नवोदय विद्यालयाच्या परीक्षेचे फॉर्मही इथंच भरून देतात. इथं चौथीपासून क्लास लावायची पद्धत पडली आहे, शेजारच्या सगळ्या मुलांना आहे. आम्ही लावलेला नाही आणि बाईंनी लावू नका असंच सांगितलं.

बाकी गावाबद्दल थोडक्यात. पिंपळे रोड, ढेकू रोडकडे कुटुंबासाठी घरं मिळतात. आम्हाला दोन खोल्या-किचन साडेसहा हजारात मिळालं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घर बघताना आधी टाकी बघा आणि मग फरशी. उन्हाळ्यात कूलरचं लाइट बिल धरून चला. बालरोगतज्ज्ञ गावात आहेत, पण मोठं काही झालं तर धुळे किंवा जळगाव गाठावं लागतं. भाजी, दूध, धान्य, सगळ्याला पुण्यापेक्षा कमी पैसे लागतात आणि थंडीत भरताची वांगी ज्या भावात मिळतात ते बघून माझ्या आईला खरं वाटेना.

ज्यांची मुलं आठवीच्या पुढची आहेत आणि डॉक्टर-इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर आहे, त्यांनी मधेच सीबीएसई सोडून इथं येण्याआधी दोनदा विचार करावा. चौथी-पाचवीच्या आतली मुलं असतील तर मात्र घाबरू नका, भाषा सहा महिन्यांत बसते.

एक गोष्ट आम्ही प्रवेशाच्या वेळी विचारली नव्हती, ती तुम्ही विचारून घ्या. १६ जून २०२५ ला शाळा उघडली. मुलगी पाचवीला गेली, म्हणजे त्याच संस्थेच्या हायस्कूलमध्ये, आणि तिथली वेळ वेगळी आहे: ती दुपारची, धाकटा सकाळचा. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवायची नाही असा २०२४ पासून शासनाचा आदेश असल्याने त्याची वेळ अलीकडे आणता येत नाही. मी घरून काम करते म्हणून आमचं निभतं. दोघंही बाहेर नोकरी करणारे असाल तर फॉर्म भरण्याआधी दोन्ही इमारतींच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि पाचवीच्या सेमीच्या तुकडीत किती जागा आहेत तेही.